उशाशी ढोल

वामनराव वझलवारांनी त्या भांड्याला एकदा घंगाळ म्हटलं ते म्हटलं. माणूस मोठा होता, कोण नाही म्हणतं. पुरातत्त्व संस्थेचा संचालक, आयुष्यभर विदर्भाच्या उन्हात खड्डे खोदून रापलेला, पुण्या-मुंबईची मंडळी ज्याच्यापुढे आवाज खाली करून बोलतात असा. पण एक खोड वाईट. तोंडातून शब्द निघाला की तो मागे घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. कबरीतला माणूस स्वतः उठून बसला असता आणि म्हणाला असता की बाबा रे, हे माझं घंगाळ नव्हे, तर वामनरावांनी त्यालाही दरडावून पुन्हा आडवं केलं असतं.

वच्छला लोणारे तर जिवंत होती, त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करत होती, आणि त्या भांड्याचे तुकडे जोडायचं काम त्यांनीच तिच्याकडे दिलं होतं. आता बोला.

गोष्ट अशी. कळमेश्वरच्या पलीकडे धोंडबा नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात मोठमोठ्या गोट्यांची गोल रिंगणं होती. आपल्याकडे अशी रिंगणं जागोजागी आहेत, लोक त्यांना वळसा घालून नांगर हाकतात. खाली दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची माणसं पुरलेली असतात. चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात संस्थेनं त्यातलं सगळ्यात मोठं रिंगण खोदलं. आत एक पुरुष निघाला. कानांपाशी सोन्याची वेटोळी, कमरेला लोखंडी कट्यार, पायाशी घोड्याचा लगाम. आणि उशाशी काशाचं एक भांडं, मातीच्या भारानं चेपलेलं, तडकलेलं, हिरवं पडलेलं. एक बाजू थाळीसारखी सपाट आणि बंद, दुसरी उघडी, मध्ये कंबर आवळलेली, खांद्यावर दोरी ओवायचे चार कान.

"घंगाळ," वामनराव खड्ड्याच्या काठावरून म्हणाले. "राजाच्या आंघोळीचं."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तसंच छापून आलं, वामनरावांच्या फोटोसकट. झालं. घंगाळ ठरलं.

वच्छला त्या उन्हाळ्यात रोज तुकडे घेऊन बसायची. चिमट्यानं माती काढायची, तुकड्याला तुकडा लावून बघायची. जसजसं भांडं उभं राहू लागलं तसतशी तिच्या मनात पाल चुकचुकायला लागली. घंगाळ म्हणावं तर बाहेर काजळी नाही. आत पाण्याचा पांढरा थर नाही. वामनराव ज्याला बूड म्हणत होते त्या थाळीच्या मधोमध एक चांदणी उठवलेली होती, भोवती पक्ष्यांची रांग. आणि चांदणीच्या चार बोटं खाली तळहाताएवढी एकच जागा झिजून गुळगुळीत झालेली. तिथले पक्षी पार पुसलेले, बाकीचे जिथल्या तिथे. चार कानांपैकी दोनच कान दोरीनं कापल्यासारखे खोल गेलेले, तेही एकाच बाजूचे. म्हणजे ही वस्तू कोणीतरी टांगत होतं. थाळी आपल्याकडे तिरपी करून टांगत होतं, आणि वर्षानुवर्षं एकाच जागी मारत होतं. ब्रह्मदेशाच्या पलीकडे असले काशाचे ढोल सापडतात, त्यांची चित्रं तिनं पुस्तकात पाहिली होती. तिनं पुन्हा ती पुस्तकं काढली, पुन्हा तुकडे तपासले, आणि मगच ती वामनरावांच्या खोलीत गेली.

"सर, हे घंगाळ नाही. ढोल आहे."

वामनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "घंगाळ रोज राखेनं घासतात, लोणारेबाई. बूड झिजणारच."

"घासून झिजलं असतं तर सगळंच झिजलं असतं, सर. कडा आधी गेल्या असत्या. इथं एवढीच जागा गेली आहे."

"मग ब्रह्मदेशातून ढोल कळमेश्वरला चालत आला म्हणायचा?"

"कसा आला ते मला ठाऊक नाही. काय आहे तेवढं सांगते."

वामनराव हसले. त्यांचं ते हसणं संस्थेत सगळ्यांना माहीत होतं, ते समोरच्याला खुर्ची न देता उभं ठेवणारं हसणं होतं. "आणखी एक सांगा. त्याच्या कानांत सोनं आहे. दाराशी घोडा होता. असा माणूस स्वतः वाजवतो का हो? त्याच्यापुढे वाजवतात. वाजवणारे निराळे असतात. ते कोण असतात हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे का?"

वच्छलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती काही न बोलता बाहेर आली, कारण बोलली असती तर पीएच.डी. तिथंच संपली असती. पण एक गोष्ट तिला लख्ख कळली. झीज, काजळी, कान, या कशानंच वामनराव अडलेले नव्हते. ते अडले होते मेलेल्या माणसाच्या कानातल्या सोन्यावर. वाजवणारा माणूस मानाचा असू शकतो, हे त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. म्हणून ढोलाचं घंगाळ.

त्या दिवसापासून वामनराव तिला पाण्यात पाहू लागले. तिचं टेबल उचलून मागच्या पत्र्याच्या खोलीत नेलं, नागपूरच्या मे महिन्यात. तिची प्रकरणं न वाचताच परत येऊ लागली. कोणी पाहुणा आला की वामनराव मुद्दाम तिला हाक मारायचे आणि ओळख करून द्यायचे, "या आमच्या ढोलवाल्या बाई." पाहुणा हसायचा. वच्छला दात-ओठ खात नमस्कार करायची. वामनराव एकदा स्पष्टच म्हणाले, "घंगाळ लिहा, उद्या सही करतो. ढोल लिहायचा असेल तर दुसरा मार्गदर्शक शोधा." दुसरा मार्गदर्शक अख्ख्या नागपुरात नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

बरं, घरी तरी कोणी पाठीवर हात ठेवावा. तिथं तर आणखीच तऱ्हा.

तिचे वडील रामाजी कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. राहायला नागपूरच्याच इंदोऱ्यात, मूळचे सावनेरकडचे. गावी लग्न असो, मयत असो, पोळ्याला पाटलाचे बैल निघोत, पुढे डफडं वाजवत चालायचं ते लोणाऱ्यांच्या घरानं. मर्जी कोणी विचारत नसे. अंगात ताप असला तरी उठायचं, घरात मयत असली तरी जायचं. वाजवून झालं की भाकर वरून टाकली जायची, हाताला हात लागू नये म्हणून. छप्पन्न साली रामाजींनी नागपूरला येऊन दीक्षा घेतली, गावी परत गेले आणि घरातली सगळी डफडी चुलीत घातली. पुढे गावानं त्यांना विहिरीवर येऊ दिलं नाही, दुकानात उभं केलं नाही. शेवटी बायको भागीरथा आणि लहानगी वच्छला यांना घेऊन त्यांनी गाव सोडलं.

तेव्हापासून वाजणाऱ्या वस्तूशी या माणसाचं हाडवैर. वरातीत बँड सुरू झाला की रामाजी चपला घालून चालते. सख्ख्या पुतण्याच्या लग्नातही थांबले नाहीत.

वच्छलानं जेवताना सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"ढोल? तुले याच्यासाठी शिकवलं का वं? मी ज्याच्यावर थुंकलो ते तू डोक्यावर घेऊन नाचून राहिली?"

"बाबा, तो राजाच्या उशाशी होता. नोकराच्या नाही. ज्याच्या कानात सोनं, त्याच्याच उशाशी."

"राजाच्या उशाशी राहो का आणखी कोणाच्या. तुहा मास्तर काय म्हणते?"

"घंगाळ म्हणतात."

"मंग बरोबर म्हणते. घंगाळच हाये ते."

आता काय म्हणावं याला? ज्या दोन माणसांनी जन्मात एकमेकांच्या घरी पाण्याचा पेला उचलला नसता, ते दोघं या एका गोष्टीवर एक झाले. वच्छलाला हसावं की रडावं कळेना. भागीरथा मध्ये पडली, "जेवू द्या तिले, मंग भांडा," पण रामाजींचं संपलं नव्हतं.

"लिहायचं ते लिही. तुह्या कागदाले मी हात लावनार नाही. पण ज्या दिवशी तुह्या हातात वाजवायचं टिपरू पाहीन, त्या दिवसापासून तुहं-माहं बोलणं बंद. मेलो तरी येऊ नोको."

रामाजी उगाच धमकी देणाऱ्यांतले नव्हते. मोठ्या भावानं लग्नात वाजंत्री बोलावले म्हणून तो मरेपर्यंत ते त्याच्याशी बोलले नव्हते. वच्छलाला ते माहीत होतं, आणि बापावर तिचा जीव होता. गिरणीतून आल्यावर कानात कापूस तसाच ठेवून तिची पाठांतरं ऐकणारा हा बाप. त्याला दुखवून मिळवलेल्या डॉक्टरकीचं ती काय करणार होती?

तिढा सुटला तो पुण्याच्या श्रीधरपंत गोळवलकरांमुळे. तिच्या प्रबंधाचे बाहेरचे परीक्षक तेच होते. वामनरावांचे जुने स्नेही, पण हिशेबाला पक्के. त्यांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि म्हणाले, मूळ वस्तूला हात लावता येणार नाही, तर तिची तंतोतंत नक्कल ओतून घ्या. झिजलेल्या दोन कानांनीच टांगा. काठीच्या टोकाला फडकं बांधून ते गेरूत बुडवा आणि कोणालाही वाजवू द्या. गेरूचे डाग जर मूळ थाळीवरच्या झिजलेल्या जागीच पडले, तर ढोल. नाही पडले, तर वामनराव म्हणतात ते. फेब्रुवारीत संस्थेत परिसंवाद आहे, तिथं सगळ्यांसमोर होऊन जाऊ द्या.

वच्छलानं भंडाऱ्याकडच्या ओतकाम करणाऱ्यांकडून नक्कल करून आणली. वाजवायला संस्थेचा छायाचित्रकार रविंद्र तयार झाला. भला मुलगा होता, वामनरावांना मनातून भ्यायचा, पण हो म्हणाला. वच्छलानं घरी येऊन वडिलांना सांगितलं, "रविंद्र वाजवणार आहे. मी हातही लावणार नाही."

"मी येतो," रामाजी म्हणाले.

"कुठं?"

"तुह्या सभेत. लावते का नाही ते पाहाले येतो."

परिसंवादाच्या दिवशी वच्छला सकाळीच पोचली आणि दारातच थांबली. सभागृहाच्या पायरीपाशी तिवईवर तिची नक्कल उलटी ठेवलेली होती. थाळी खाली, तोंड वर. आत काठोकाठ पाणी, पाण्यावर शेवंतीच्या पाकळ्या. येणारे पाहुणे त्यात बोटं बुडवत होते, डोळ्यांना पाणी लावत होते आणि हसत आत जात होते.

शेजारी वामनराव उभे होते, पांढऱ्या शुभ्र धोतरात. "पाहुण्यांचं स्वागत," ते म्हणाले. "नक्कल मात्र झकास करून आणलीत हं, लोणारेबाई. एक थेंब गळत नाही."

"रविंद्र कुठं आहे, सर?"

"कळमेश्वरला पाठवला. धोंडबाच्या वावरातले काही फोटो राहिले होते."

फोटो कसले राहतात. सगळं ठरवून चाललं होतं, आणि ते लपवायचीही वामनरावांना गरज वाटत नव्हती. वच्छलानं दोन्ही हातांनी नक्कल कवटाळली, जास्वंदीच्या वाफ्यात नेऊन उपडी केली, आणि तशीच उचलून आत गेली. पातळ गुडघ्यापर्यंत भिजलं. पाकळ्या पदराला चिकटल्या. लाकडाच्या घोडीला तिनं स्वतः दोरी बांधली, झिजलेल्या दोन कानांच्या जागचे कान ओवले आणि थाळी तिरपी झाली, अगदी तिला वाटलं होतं तशी. सभागृह भरत होतं. शेवटच्या रांगेत रामाजी येऊन बसले, धुतलेला सदरा, मांडीवर हात. लेकीकडे पाहिलं, ओळख दिली नाही.

वच्छलानं निबंध वाचला. मुद्दा एकही सुटला नाही. काजळी, क्षार, कान, चांदणी, झीज. श्रीधरपंत पहिल्या रांगेत मूळ थाळीची रेखाकृती मांडीवर घेऊन बसले होते. ते म्हणाले, "ठीक. आता वाजवून होऊ द्या. कोण वाजवणार?"

"रविंद्र वाजवणार होते. त्यांना सकाळी कळमेश्वरला पाठवण्यात आलं."

"अहो, त्याला कशाला शोधता," वामनराव बसल्या जागेवरून म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "लोणारेबाई आहेत ना. घरचीच विद्या आहे त्यांची. वाजवा, लोणारेबाई. आपल्या माणसांत लाजता कशाला?"

सभागृहात हशा पिकला. सगळे हसले नाहीत, पण जे हसले नाहीत तेही गप्पच राहिले. वच्छलानं शेवटच्या रांगेकडे पाहिलं. रामाजींनी मान खाली घातली नव्हती. पुढच्या खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

वच्छलानं काठी उचलली. गेरूत बुडवली. आणि ढोलाकडे न जाता ती व्यासपीठावरून खाली उतरली, वामनरावांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"नाही, सर. सांगितलं म्हणून वाजवायचं आमच्या घरानं बंद केलं आहे. मार कुठं बसतो एवढंच बघायचं आहे, कोणाचाही हात चालेल. तुम्ही वाजवा."

तिनं काठी पुढे केली. वामनरावांचे हात पाठीमागे गेले. आपसूक गेले, एखाद्यानं निखारा पुढे करावा तसे.

"माझं नाही ते काम."

"कोणाचंच काम नव्हतं ते. ज्याच्या कानात सोनं होतं तो वाजवत होता."

"तो वाजवत नव्हता. तेच सांगतोय मी."

"मग तुम्ही वाजवल्यानं काय बिघडतं? डाग भलतीकडेच पडेल. तुम्ही जिंकाल."

वामनरावांनी पाठीमागचे हात पुढे आणले नाहीत. वच्छलानं काठी श्रीधरपंतांकडे वळवली. श्रीधरपंतांनी खांदा चोळला, म्हणाले, हल्ली हात वर जात नाही. तिनं त्यांच्या शेजारच्याकडे वळवली, त्याला अचानक खोकला आला. त्याच्या शेजारचा पंख्याकडे पाहू लागला. ही कोण माणसं होती? मेलेल्याची कवटी मांडीवर घेऊन फोटो काढून घेणारी माणसं. कोणाची हाडं, कुठल्या जातीची, कसल्या रोगानं मेलेला, कधी म्हणून विचारलं नाही, उघड्या हातांनी उचलली. आणि फडकं गुंडाळलेली एक साधी काठी धरायला त्या भरल्या सभागृहात एक हात पुढे येईना.

"राहू द्या," श्रीधरपंत शेवटी खाली पाहत म्हणाले. "प्रयोग झाला नाही, अशी नोंद करू. उपयोग अनिश्चित."

"अनिश्चित कशाला, घंगाळच लिहा," वामनराव म्हणाले. त्यांचा आवाज परत जागेवर आला होता. "बसा, लोणारेबाई. वेळ संपली तुमची. कोणीतरी ते उतरवून ठेवा रे. पुढचा निबंध घेऊ."

बसली असती तर काही बिघडलं नसतं. खरं सांगायचं तर सगळं सुरळीत झालं असतं. घंगाळ लिहिलं की सही, सही झाली की पदवी. बापाला दिलेला शब्दही शाबूत. तिला कोणी नावं ठेवली नसती. पण वच्छलाला ते सहन होईना. आत्ता वाजव म्हणणारा हाच, आणि आता बस म्हणणाराही हाच. वाजवायचं तेही याच्या तोंडून, थांबायचं तेही याच्या तोंडून? आणि तो धोंडबाच्या वावरातला माणूस, ज्यानं जन्मभर वाजवलं आणि मरताना दुसरं काही नको, हे उशाशी ठेवा म्हणून सांगितलं असेल, तो आता कायमचा आंघोळीला बसणार. बापाची आठवण तिला नव्हती असं नाही. होती, आणि तरी ती पायऱ्या चढली.

पहिला ठोका पडला तेव्हा पुढचा निबंधवाला कागद सारखे करत उठत होता, तो खाली बसला. आवाज कर्कश नव्हता. खोल होता, जमिनीतून आल्यासारखा, आणि विझता विझत नव्हता. तो विझायच्या आत दुसरा पडला. मग तिसरा. वच्छला थाळीकडे बघत नव्हती. नेम धरला असं उद्या कोणी म्हणू नये म्हणून म्हणा, नाहीतर मनात होतं म्हणून म्हणा, तिची नजर सगळा वेळ वामनरावांच्या तोंडावर होती. त्यांचं तोंड आधी लाल झालं, मग पांढरं पडलं, मग त्यांनी ते फिरवलं. तरी ती मारतच राहिली. हात भरून आला तेव्हा थांबली.

श्रीधरपंत कागद घेऊन वर आले. आता मात्र त्यांचा खांदा दुखत नव्हता. त्यांनी रेखाकृती थाळीशेजारी धरली. गेरूचा लाल डाग चांदणीच्या चार बोटं खाली होता, तळहाताएवढा. जिथं पक्षी पुसले गेले होते तिथंच.

"परातसुद्धा वाजते," वामनराव खालून म्हणाले.

"वाजते," श्रीधरपंत म्हणाले. "पण तिची झीज अशी नसते. वामनराव, ढोल आहे हा. मी तसंच लिहिणार."

वामनरावांनी उपरणं सावरलं आणि ते कोणाकडे न पाहता बाजूच्या दारानं निघून गेले. टाळ्या वाजल्या, उशिरानं आणि थोड्याशाच. वच्छलानं शेवटच्या रांगेकडे पाहिलं. रामाजींची खुर्ची रिकामी होती.

ती दुपारीच इंदोऱ्याला परतली. रामाजी घरी होते, भिंतीला टेकून बसलेले, सदराही उतरवला नव्हता. भागीरथानं डोळ्यांनीच लेकीला सांगितलं, आल्यापासून पाणीही घेतलं नाही. वच्छला समोर जाऊन बसली.

"बाबा."

तिनं ठरवलं होतं की रडायचं नाही, माफी मागायची नाही, कारण केलं त्याचा पश्चात्ताप तिला होत नव्हता. पण बापाशिवाय राहायचं कसं, हेही तिला कळत नव्हतं.

"बोला नं तिच्याशी," भागीरथा म्हणाली. "पोरगी जिंकून आली म्हणतेत."

मग रामाजी बोलले. लेकीकडे बघून नाही, समोरच्या भिंतीकडे बघून.

"त्यानं वाजव म्हणलं तवा तू वाजवलं नाही. ते पाह्यलं मी. छाती भरून आली माही."

वच्छलानं मान वर केली.

"मंग बस म्हणलं तवा वाजवलं. तेही ऐकलं. बाहेर दारात उभा होतो, पुरं ऐकलं. मी आजलोक कधी पुरं ऐकलं नाही."

"बाबा, मी शब्द मोडला. मला—"

"शब्दाचं सोड. त्याचा राग नाही मले." रामाजींनी आता तिच्याकडे पाहिलं, आणि त्या डोळ्यांत राग होता, चांगला धगधगता. "राग याचा हाये, का तू सारा वेळ त्याच्या तोंडाकडं पाहून वाजवत होती. दारातून दिसत होतं मले. वच्छे, मीही असाच वाजवत होतो. पाटलाच्या तोंडाकडं पाहून. त्याले बरं वाटते का नाही ते पाहून. तू त्याले आग लागावं म्हणून पाहत होती, एवढाच फरक. पण पाहत त्याच्याकडंच होती नं?"

वच्छलाला वाटलं आपल्या कानफटात बसली. ढोलाचा आवाज कसा होता, हेसुद्धा तिला नीट आठवत नव्हतं. आठवत होतं ते वामनरावांचं तोंड.

"तो कबरीतला तुहा माणूस," रामाजी म्हणाले, "तो कोणाकडं पाहत असन?"

"कोणाकडे नसेल, बाबा."

"मंग," ते म्हणाले आणि उठले. हात-पाय धुवायला मोरीकडे जाता जाता थांबले. "पुढं कधी वाजवशीन तं कोणाच्या तोंडाकडं पाहू नोको. माह्याही नाही."

भागीरथानं तिघांची ताटं वाढली. वच्छला बापाशेजारी जेवायला बसली, पण ताटावरून नजर वर करून बापाकडे तिला बघवेना.